"मी चालवीन, ती बसेल" असं शिडाच्या बोटीवर चालत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही दोघं सोलापूरचे, वय ५२ आणि ४९, टॉवेलचा कारखाना मुलाच्या हाती दिलाय, मुंबईत एक जुनी ३० फुटी शिडाची बोट बघून आलाय आणि ती घेऊन हिवाळ्याचे चार-सहा महिने मुंबई ते गोवा किनाऱ्यानं राहायचं मनात आहे, समुद्राचा अनुभव नाही, वहिनींना पोहता येत नाही, म्हणून "मी चालवीन, ती बसेल", तर हे जमेल का आणि सुरुवात कुठून करायची.

जमेल. आम्ही पण सोलापूरचेच, आमचे नऊ हंगाम झाले. ह्यांनी २२ वर्षं जहाजावर इंजिन रूममध्ये काढली आणि मी शाळेत गणित शिकवायचे, म्हणजे ह्यांना इंजिन कळत होतं पण वारा आणि शीड दोघांनाही सारखंच नवीन, शिकलो ते पन्नाशी जवळ आल्यावर मुंबईच्या हार्बरमध्ये डिंगीवर, म्हणजे एक-दोन माणसांच्या छोट्या शिडाच्या होडीवर, कितीदा तरी उलटून पाण्यात पडत. त्यामुळे दादा, वयाची काळजी करू नका. काळजी करायची ती तुमच्या त्या एका वाक्याची. "ती बसेल" हे आधी डोक्यातून काढा. बोटीवर माणसं दोनच असतात, त्यातलं एक आजारी पडलं, जखमी झालं किंवा पाण्यात पडलं की उरलेल्या एकालाच बोट किनाऱ्याला आणायची असते, आणि ते उरलेलं कोण असेल हे आधी ठरवता येत नाही.

एवढं ठासून का सांगते ते ऐका. आमचा तिसरा हंगाम, जानेवारी महिना. पहाटे साडेपाचला रत्नागिरीहून नांगर उचलला, विजयदुर्गला जायचं होतं, २६-२७ सागरी मैल, म्हणजे ४८-५० किलोमीटर. पहाटेचा जमिनीवरचा वारा चांगला होता, पूर्णगड मागं पडलं, दहाच्या सुमाराला वारा बसला तसं इंजिन लावलं. आंबोळगडच्या समोर आलो असू, इंजिनचा आवाज एकदम जड झाला, बोट थरथरली आणि इंजिन बंद. मागं वाकून बघितलं तर हिरवा नायलॉनचा दोर आणि तुटक्या जाळ्याचा गुंता बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याला बसलेला. हे मास्क लावून कमरेला दोरी बांधून पाण्यात उतरले, हातात ब्रेड कापायची दातेरी सुरी, नायलॉन त्याच सुरीनं कापतो, गुळगुळीत पात्याची घसरते. लाटा मोठ्या नव्हत्या पण थांबलेली बोट मागच्या बाजूनं उचलते आणि आपटते, तिसऱ्या का चौथ्या डुबकीला ती ह्यांच्या अंगावर आली आणि ह्यांचा उजवा हात पंख्याच्या दांड्यावर घासला. तळाला बारीक शिंपले चिकटलेले असतात, पात्यासारखे. वर आले तेव्हा अंगठा आणि बोटाच्या मधलं सगळं उघडं पडलेलं, रक्त थांबेना.

आता हातात काय आहे ते बघा. इंजिन नाही, वारा नाही, किनारा तीन-चार किलोमीटरवर, आणि ज्यांना मी कॅप्टन समजत होते ते कॉकपिटमध्ये पाय वर करून पडलेले, थंडीनं कुडकुडतायत. मी आधी हात घट्ट बांधला, उशीवर उंच ठेवला, सोलापुरी चादर अंगावर घातली, पाण्यात साखरमीठ घालून घोट घोट दिलं. मग जीपीएसवरचा आकडा वहीत लिहिला, विजयदुर्गच्या ओळखीच्या तांडेलकाकांना, तांडेल म्हणजे मच्छीमार बोटीचा प्रमुख, फोन लावला, किनाऱ्याजवळ रेंज असते. काकांची बोट बाहेर होती, ते म्हणाले तासाभरात वारा येईल, पुढचं शीड उघडा आणि सरळ या, मी बंदरात छोटी होडी तयार ठेवतो. मग ४० मिनिटं काहीच नाही. शीड लटकलेलं, बोट डुलतीय, मी घड्याळ बघतीय. आणि मग वायव्येकडं पाण्याचा रंग गडद झाल्याची एक रेघ दिसली, ती आमच्याकडं सरकत आली, गालाला गार लागलं आणि शीड भरलं. मेन सेलला, म्हणजे डोलकाठीमागच्या मोठ्या शिडाला, हात लावला नाही, एकट्या माणसानं मागून येणाऱ्या वाऱ्यात ते करायची गरज नसते, नुसत्या पुढच्या शिडावर साडेतीन नॉट, म्हणजे तासाला साडेतीन सागरी मैल, मिळाले. सव्वा-दीड तासात विजयदुर्गचा बुरूज समोर. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली जुनी भिंत आहे, म्हणून लांबून वळसा घेतला, आत आल्यावर किल्ल्याच्या आडोशाला वारा पडला, बोटीचं तोंड वाऱ्याकडं फिरवून ती थांबल्यावर नांगर सोडला, साखळी मोजून ३५ मीटर. काकांचा मुलगा होडी घेऊन उभाच होता. सात टाके पडले. पंख्याचा गुंता दुसऱ्या दिवशी शांत पाण्यात त्याच मुलानं दहा मिनिटांत काढला.

मी त्या दिवशी घाबरले नाही असं नाही, पण हात आपोआप चालत होते, आणि ते का चालत होते तर आमच्या बुधवारमुळे. दुसऱ्या हंगामापासून आमचा नियम आहे, बुधवारी एकानं सगळं करायचं, नांगर उचलण्यापासून परत टाकण्यापर्यंत, आणि दुसऱ्यानं बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, धोका असेल तरच बोलायचं. एक बुधवार ह्यांचा, एक माझा. हे ऐकायला सोपं वाटतं पण गप्प बसणं फार अवघड आहे, विशेषतः नवऱ्याला. माझी टॅक, म्हणजे वाऱ्यातून बोटीचं तोंड फिरवणं, चुकायची, शीड फडफडायचं, ह्यांचे हात शिवशिवायचे, पण बसले. तुम्ही हाच नियम पहिल्या दिवसापासून लावा, दुसरं काही नाही केलं तरी चालेल. आणि इंजिन बंद ठेवून महिन्यातून एकदा तरी नांगर टाकायची प्रॅक्टिस दोघांनी करा.

अजून एक, हातवारे ठरवा. नांगर टाकताना एक जण पुढं असतो, एक जण मागं सुकाणूवर, मध्ये ३० फूट, वारा आणि इंजिनचा आवाज, म्हणून ओरडावं लागतं, आणि ओरडलेलं बोलणं रागावल्यासारखंच ऐकू येतं. पहिल्या वर्षी आमची निम्मी भांडणं नांगर टाकतानाची होती. मग आम्ही पुढं, मागं, थांब, साखळी सोड आणि नांगर धरला अशा पाच खुणा पक्क्या केल्या आणि त्या वेळचं ओरडणं बंद झालं. ३० फुटी बोटीत आत उभं राहता येईल अशी जागा दहा-बारा फूट, राग आला म्हणून उठून दुसऱ्या खोलीत जायची सोय नाही, तेव्हा भांडणाची कारणंच कमी केलेली बरी.

आता वारा, कारण ह्या किनाऱ्यावर राहायचं म्हणजे दिवसाचं टाइमटेबल वाराच लावतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोकणात दोन वारे असतात. रात्री जमीन लवकर गार होते, समुद्र गार होत नाही, म्हणून मध्यरात्रीनंतर जमिनीवरून समुद्राकडं वारा सुटतो, कोकणातले लोक त्याला मतलई म्हणतात. तो नऊ-दहा वाजता मरतो. मग तास-दोन तास सगळं तेल ओतल्यासारखं, आणि दुपारी बाराच्या पुढं जमीन तापली की समुद्राकडून वायव्येचा वारा येतो, तीन-चारच्या सुमाराला १०-१५ नॉट होतो आणि सूर्य बुडाल्यावर पडतो. ह्याचा हिशोब असा, की दक्षिणेला जाताना दोन्ही वारे आपल्या बाजूचे, मतलई डाव्या हाताला, दुपारचा पाठीमागून. आणि उत्तरेला येताना दुपारचा वारा सरळ तोंडावर. तेव्हा परत येताना पहाटे तीन-चारला उठून किनारा धरून मतलईवर जितकं होईल तितकं वर यायचं आणि दहा वाजता कुठल्यातरी खाडीत शिरायचं. मुंबई ते गोवा साधारण २२० सागरी मैल आहे, आम्ही खाली आठ-दहा दिवसांत जातो आणि वर यायला पंधरा-अठरा लागतात, घाई केली की डिझेल जाळावं लागतं आणि अंग खिळखिळं होतं. मार्चनंतर मतलई मंदावतो, वायव्येचा जोर वाढतो, म्हणून वर यायचं तर फेब्रुवारीतच निघा, नाहीतर बोट गोव्याकडंच ठेवा. मला विचाराल तर पहिल्या हंगामात मुंबईहून निघूच नका, बोट ट्रेलरवर किंवा जाणकार माणूस सोबत घेऊन खाली आणा आणि जयगड ते विजयदुर्ग एवढ्याच टापूत दोन-तीन महिने फिरा. जयगड-रत्नागिरी १८-२० मैल, रत्नागिरी-विजयदुर्ग सांगितलंच, विजयदुर्ग-देवगड फक्त ११ मैल. एका दिवसात एक टप्पा, दोन वाजता नांगर पाण्यात.

वारा ओळखायला वहिनींना अवघड जाणार नाही. आमच्या माहेरी बार्शीकडं ज्वारी खळ्यावर उफणायचे तेव्हा तिवईवर उभी राहिलेली बाई अंगावरच्या वाऱ्यावरून सुपाचा कोन बदलायची, तेच इथं शिडाला करायचं असतं. वाऱ्याकडं तोंड करा, दोन्ही कानांना सारखाच आवाज आला की वारा बरोबर नाकासमोर आहे, एवढ्यावर सुरुवात होते.

भरती-ओहोटीचं गणित मला आवडतं म्हणून जरा जास्त सांगते. तिथीला पाऊणनं गुणायचं, जे येईल ते साधारण पूर्ण भरतीची वेळ, षष्ठी असेल तर सहा पाऊण साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमाराला. हे मुंबईला बसतं, रत्नागिरी-विजयदुर्गला भरती पाऊण-एक तास आधी येते. हा अंदाज आहे, बंदरात शिरायची वेळ छापील भरतीच्या तक्त्यावरूनच ठरवा, पण मनातल्या मनात हिशोब असला की तक्ता वाचताना चूक लगेच पकडली जाते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं. मुंबईला उधाणाला पाणी साडेतीन-चार मीटर, कधी त्याहून जास्त, चढतं-उतरतं, रत्नागिरीला दोन-अडीच मीटर, गोव्याकडं अजून कमी. आता खाडीत शिरायचा नियम. बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळू साठते, बाणकोट, पूर्णगड, आचरा सगळीकडं तोच प्रकार, तिथं नेहमी चढत्या पाण्यात शिरायचं, म्हणजे चुकून बोट टेकली तरी पंधरा-वीस मिनिटांत पाणीच उचलून देतं. उतरत्या पाण्यात टेकली तर सहा-सात तास तिथंच, आडवी. आणि दुपारी ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येत असताना समोरून वायव्येचा वारा असेल तर तोंडाशी लाटा उभ्या राहतात, भिंतीसारख्या, त्या वेळी बाहेर थांबा, मोह आवरा. विजयदुर्गला हा त्रास नाही, म्हणून ते आमचं माहेर.

नांगराला पैसे वाचवू नका. मुंबई-गोवा पट्ट्यात परदेशासारखी मरीना, म्हणजे हौशी बोटी बांधून ठेवायचा धक्का, नाही, कोचीला आहे, इकडं रोज रात्री तुम्ही नांगरावर झोपणार. साखळी किती सोडायची ते असं काढा, ओहोटीला खोली ४ मीटर, भरतीचे अडीच, बोटीचं नाक पाण्यापासून १ मीटर, झाले साडेसात, त्याची पाचपट म्हणजे साडेसदतीस मीटर. वारा वाढणार असेल तर सातपट. खाडीतल्या चिखलात नांगर छान धरतो. मालवणला मात्र खडप, म्हणजे पाण्याखालचे खडक, फार, तिथं पहिल्यांदा स्थानिक माणूस बरोबर घेतल्याशिवाय आत जाऊ नका, आम्ही आजही नवख्या जागी काकांना विचारतो.

जाळ्यांचं परत सांगते कारण ह्या किनाऱ्यावर वादळापेक्षा जास्त वेळा त्रास देतात ती जाळीच. परतीची ती पहाट सोडली तर रात्री चालवू नका, छोट्या होड्यांना दिवा असतोच असं नाही आणि जाळ्याच्या टोकाला कधी झेंडा असतो कधी नुसता थर्माकोलचा तुकडा किंवा रिकामा कॅन. दोन झेंडे दिसले की त्यांच्या मधून जायचं नाही, लांब दिसला तरी वळसा घ्यायचा. शिडाच्या बोटीला वाट द्यायची असते असं पुस्तकात आहे ते इंजिनवाल्या बोटींसाठी, मासेमारी चालू असलेल्या बोटीला वाट आपणच द्यायची असते, आणि नियम बाजूला ठेवला तरी त्यांचं पोट त्यावर आहे, आपण हौसेनं आलोय. जेट्टीवर मासळी उतरायच्या वेळी बोट लावू नका. रत्नागिरीकडं खारवी आणि दालदी, खाली सिंधुदुर्गात गाबित, ही मच्छीमार माणसं आपल्याला समुद्र शिकवतात, आदरानं बोला, कुठं जाळी आहेत विचारा, ते सांगतात. आम्ही दर हंगामाला शेंगाची चटणी पाच किलो नेतो ती बहुतेक त्यांच्याच घरी जाते आणि बदल्यात बांगडे येतात.

पाण्याची भीती घालतील तुम्हाला लोक, पण इथं सोलापूरकर इतरांच्या पुढं आहेत बघा. ज्या गावात नळ चार-चार दिवसांनी येतो तिथल्या बाईला पाणी कसं पुरवायचं हे शिकवावं लागत नाही. आमची टाकी २२० लिटरची आणि वर २० लिटरचे चार कॅन. दोघांना पिणं, स्वयंपाक, अंग पुसणं धरून रोज १५ लिटर, म्हणजे वीस दिवसांची सोय. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, भांड्यांच्या लिक्विडला खाऱ्या पाण्यात फेस येतो, वडीच्या साबणाला येत नाही, शेवटी एक वाटी गोडं पाणी फिरवायचं. आंघोळ समुद्रात, मग दोन तांबे गोडं पाणी डोक्यावरून. ते दोन तांबे वाचवायचे नाहीत, कारण अंगावर आणि कपड्यात मीठ राहिलं की ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि कपडा कधीच वाळत नाही, पुरळ उठतं, चादरी चिकट होतात. सोलापुरी चादर बोटीवर जरूर न्या पण खारं पाणी लागलेले कपडे घालून तिच्यावर बसायला कुणालाही परवानगी नाही, हा आमच्याकडं कायदा आहे.

खाण्याचं म्हणाल तर कडक भाकरीसारखं बोटीवरचं अन्न नाही की ओ. गॅस लागत नाही, हेलकाव्यात स्वयंपाक करायला नको, दूध, डाळ कशातही चुरली की पोट भरतं. फक्त कोकणच्या दमट हवेत ती दोन दिवसांत मऊ पडते, तेव्हा घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे, आणि एका वेळी एकच डबा उघडायचा. कांदे, बटाटे, लिंबं जाळीच्या पिशवीत टांगून ठेवा, टांगलेलं टिकतं. फ्रिज आम्ही ठेवला नाही, दोन सोलर पॅनल आणि बॅटरीवर दिवे, रेडिओ, जीपीएस, फोन भागतं.

वहिनींच्या पोहण्याचं. आत्तापासून महापालिकेच्या तलावावर क्लास लावा, सहा महिने आहेत, जमतं, मी ४७ व्या वर्षी शिकले. पण पोहता येणं म्हणजे सुरक्षित असणं नाही, चालत्या बोटीवरून पडलेलं माणूस पाच नॉटला एका मिनिटात दीडशे मीटर मागं पडतं आणि लाटांत डोकं दिसत नाही. म्हणून पडायचंच नाही. लाइफ जॅकेट आणि त्याला हूकची पट्टी, एकटं पहाऱ्यावर असताना, अंधारात आणि पुढच्या डेकवर जाताना ती अडकवलेलीच पाहिजे, दोघांनाही, पोहणाऱ्यालासुद्धा. आणि दर महिन्याला एक नारळ पाण्यात टाकून तो परत बोटीवर घ्यायची प्रॅक्टिस, एकेकट्यानं. पहिल्यांदा मला तो नारळ उचलायला २५ मिनिटं लागली, तेव्हा समजलं की ह्यांच्याऐवजी नारळ होता हे बरं, आणि त्या रात्री मी झोपले नाही. आता चार-पाच मिनिटांत घेते.

बोट लागण्याचा, म्हणजे उलट्यांचा त्रास बहुतेकांना पहिले दोन-तीन दिवस होतो. आत जाऊन पडू नका, बाहेर बसून क्षितिज बघा, सुकाणू हातात घ्या, ज्याच्या हातात सुकाणू त्याला कमी लागतं. आल्याच्या वड्या ठेवा. गोळी घ्यायची तर डॉक्टरना विचारून निघायच्या आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही.

वादळाचं म्हणाल तर हवामान खातं आणि समुद्राचे अंदाज देणारं हैदराबादचं इनकॉईस, दोघांचे अंदाज रोज बघा, बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे धोक्याचा इशारा, लागला की तुम्ही खाडीच्या आतच. हिवाळा सुरक्षित असं धरू नका, फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं होतं, आणि मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते २०२१ मध्ये ह्याच किनाऱ्याला घासून वर गेलं. म्हणून आम्ही नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत निघत नाही आणि एप्रिल संपायच्या आत बोट बांधून ठेवतो. व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर चालू ठेवा, तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ बोटीत डोळ्यासमोर चिकटवा. सागरी पोलीस कधीही येऊन कागद बघतात, २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर ते असायलाच पाहिजे, नोंदणी, विमा, दोघांचं आधार एका प्लास्टिकच्या पाकिटात वरच ठेवा आणि चहा विचारा.

पैशाचं थोडक्यात. बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी तिच्यावरच जातात असं धरून चाला, जुनी असेल तर पहिल्या वर्षी जास्त, तळाचा रंग, दोऱ्या, शिडाची शिवण, बॅटऱ्या. घ्यायच्या आधी बोट पाण्याबाहेर काढून जाणकाराकडून तळ, कील (तळाखालचा जड पंख) जोडलेले बोल्ट आणि डोलकाठीच्या तारा तपासून घ्या, विकणारा घाई करत असेल तर सोडून द्या. आम्हाला पहिल्या बोटीत एकानं "सगळं नवीन केलंय" सांगून गंजलेल्या तारा रंग मारून दिल्या होत्या, ह्यांनी नखानं खरवडल्यावर दिसलं. डिझेल आम्ही फडक्यातून गाळून भरतो, एका बंदरावर पाणी मिसळलेलं मिळालं होतं आणि इंजिन नेमकं जयगडच्या तोंडाशी, कोळशाच्या मोठ्या जहाजांच्या वाटेत बंद पडलं.

पावसाळ्यात समुद्र बंद. मच्छीमार होड्या ओढून शाकारतात, नारळाच्या झापांनी झाकून ठेवतात, आपल्या बोटीला खाली कील असल्यामुळे ती तशी ओढता येत नाही, क्रेन आणि घोडा, म्हणजे बोट उभी ठेवायचा सांगाडा, लागतो, ती जागा बोट घ्यायच्या आधी शोधा, नंतर नाही. मग आम्ही मे ते दिवाळी सोलापुरात. उन्हाळ्याचा ४३ अंश आणि बोटीची आठवण दोन्ही एकदमच येतं. आणि बोटीवर असताना जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेची, आठवण येते, एका वर्षी राहवलं नाही, विजयदुर्गला बोट काकांच्या नजरेखाली ठेवून एसटीनं कोल्हापूरमार्गे आलो, नंदीध्वज बघितले, दुसऱ्या दिवशी परत.

तर सुरुवात अशी करा. बोटीचा व्यवहार आत्ता थांबवा. दोघंही, दोघंही म्हणतीय मी, मुंबईत डिंगी सेलिंगचा आठवड्याचा कोर्स करा, वेगवेगळ्या बोटीत बसून, एकाच बोटीत बसलात की सुकाणू तुमच्याच हातात राहील. मग जानेवारी-फेब्रुवारीत चार दिवस आमच्याकडं या, रत्नागिरी ते देवगड बरोबर करू, त्यात एक बुधवार येईल असं बघा. त्या दिवशी वहिनी चालवतील आणि तुम्ही माझ्याशेजारी गप्प बसाल. येताना कडक भाकरी दोन डझन आणा, आमच्या तोवर संपलेल्या असतात. आणि बघितलेल्या बोटीचा ड्राफ्ट, म्हणजे ती पाण्याखाली किती खोल जाते, किती मीटर आहे तेवढं विकणाऱ्याला विचारून कळवा, दीड मीटरच्या वर असेल तर निम्म्या खाड्या तुम्हाला बंद होतील आणि मग दुसरी बोट बघावी लागेल.